कमावलेले बळ

मराठी भाषेत शरीराविषयी एक अर्थपूर्ण क्रियापद रूढ आहे. पैसा कमवावा, नाव कमवावे, तसे शरीरही कमावले जाते. आखाड्यातल्या तरुणाकडे पाहून जाणते लोक म्हणतात, 'अंग कमावलेले आहे.' मात्र याच्या अगदी उलट अर्थाची वाक्येही आपल्या बोलण्यात तितकीच रुळलेली आहेत : 'त्याची अंगकाठीच तशी', 'ताकद रक्तात असावी लागते', 'आमच्या घरात कोणालाच दम नाही'. विद्यालयात मुलाला दाखल करताना पालक यांपैकी एखादे वाक्य आम्हांला हमखास ऐकवतात. आणि पोलीस भरतीच्या मैदानावरून निराश होऊन परतलेले माजी विद्यार्थीही स्वतःची समजूत याच शब्दांत घालतात. बळ कमावता येते की ते जन्मतः मिळते, या प्रश्नाला विज्ञानाने गेल्या ७० - ८० वर्षांत बरेच स्पष्ट उत्तर दिले आहे. ते उत्तर माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापर्यंत पोहोचावे, या हेतूने शारीरिक शिक्षण आणि विज्ञान शिकवणाऱ्या आम्ही काही शिक्षकांनी मिळून हा लेख लिहिला आहे.

प्रथम स्नायू म्हणजे काय ते पाहू. मनुष्याच्या शरीरात सहाशेहून अधिक स्नायू असतात आणि प्रौढ शरीराच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग त्यांनी व्यापलेला असतो. कडब्याच्या पेंढीत जशी ताटे बांधलेली असतात, तसे प्रत्येक स्नायूत केसासारखे बारीक तंतू एकत्र बांधलेले असतात. प्रत्येक तंतूच्या आत ॲक्टिन आणि मायोसिन या दोन प्रथिनांचे धागे एकमेकांत शिरलेले असतात. स्नायू आखडतो तेव्हा हे धागेच आखडत असावेत, असे पूर्वी मानले जाई. १९५४ साली ह्यू हक्सली व जीन हॅन्सन यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे अँड्र्यू हक्सली व रोल्फ नीडरगर्क यांनी दाखवून दिले की धाग्यांची लांबी बदलत नाही. ते एकमेकांवरून सरकतात. मायोसिनची सूक्ष्म डोकी ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पुढे पकडतात. विहिरीतून पोहरा शेंदताना आपण दोरावर एकामागून एक हात टाकीत जातो, तशीच ही क्रिया आहे. या प्रत्येक ओढीसाठी ए. टी. पी. नावाचे ऊर्जाद्रव्य खर्ची पडते. पकड सुटण्यासाठीही तेच लागते. मृत्यूनंतर ते तयार होणे थांबते आणि म्हणून शरीर ताठरते.

हे तंतू आपणहून हलत नाहीत. पाठीच्या कण्यातून निघालेली एकेक प्रेरक चेतापेशी काही तंतूंच्या गटाला आज्ञा देते. आपण पाण्याचा तांब्या उचलतो तेव्हा मोजकेच, लहान गट कामाला लागतात. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढायचे असेल, तर लहान गटांपाठोपाठ मोठे आणि बलवान गटही बोलावले जातात. लहान आधी, मोठे नंतर, हा क्रम शरीर सहसा मोडत नाही. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की हलकेच काम करीत राहिल्यास मोठ्या गटांना कधी पुरेसा व्यायामच घडत नाही. आयुष्यभर शेतात राबूनही एखाद्या माणसाच्या अंगात चिवटपणा येतो, पण जड वजन एकदम उचलण्याची ताकद त्या प्रमाणात येत नाही, याचे एक कारण येथे आहे. ताकद आणि दम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथूनच लक्षात घ्यावे लागते.

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी हा भेद समजावून सांगण्यास फार सोयीची आहे. मुलांना १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि ७.२६० किलोचा गोळा फेकणे; मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. उमेदवाराला एकाच मैदानावर तीन निरनिराळ्या परीक्षा द्याव्या लागतात आणि शरीर त्या तीन निरनिराळ्या शिधोऱ्यांवर देते.

स्नायूत तयार असलेला ए. टी. पी.चा साठा जेमतेम दोन-तीन सेकंद पुरतो. गोळाफेक तेवढ्यात आटोपते. त्यापुढे क्रिएटिन फॉस्फेट नावाचा दुसरा साठा धावून येतो आणि आठ-दहा सेकंद नवा ए. टी. पी. भराभर बनवून देतो. १०० मीटरची धाव मुख्यतः या साठ्यावर आणि प्राणवायूशिवाय होणाऱ्या साखरेच्या विघटनावर चालते. या विघटनात लॅक्टेट तयार होते आणि स्नायूतील आम्लता वाढते. मांड्या पेटल्यासारख्या वाटतात त्या या अवस्थेत. (दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग ठणकते, त्याचा दोष मात्र लॅक्टेटकडे जात नाही. ते तास-दीड तासातच निघून गेलेले असते. तो ठणका तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांचा आणि त्यांच्या दुरुस्तीचा असतो.) १६०० मीटरला पाच-सहा मिनिटे लागतात, आणि तेथे सुमारे चार पंचमांश ऊर्जा प्राणवायूच्या मदतीने मिळते. म्हणजे ही परीक्षा पायांची असते तितकीच हृदयाची, फुप्फुसांची आणि रक्ताची असते. केवळ शंभर-शंभर मीटरच्या वेगवान धावा काढून १६०० मीटरची तयारी करणारे उमेदवार तिसऱ्या फेरीत का गळतात, हे यावरून कळावे.

स्नायुतंतूही ढोबळमानाने दोन जातींचे आहेत. मंद तंतू रंगाने तांबूस असतात. त्यांच्यात प्राणवायू साठवणारे मायोग्लोबिन आणि ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका भरपूर असतात. ते सावकाश आखडतात, पण लवकर थकत नाहीत. वेगवान तंतू फिकट असतात. जोराने आणि झटकन आखडतात व तितक्याच झटकन थकतात. कोंबडीच्या तंगडीचे मांस गडद आणि छातीचे फिकट असते, ते याच भेदामुळे : ती दिवसभर चालते आणि क्वचितच उडते. सर्वसामान्य माणसाच्या मांडीत दोन्ही जाती जवळपास निम्म्या-निम्म्या आढळतात; परंतु व्यक्तीव्यक्तींत पुष्कळ फरक असतो. लांब पल्ल्याच्या नामांकित धावपटूंत मंद तंतूंचे, तर कमी अंतराच्या धावपटूंत वेगवान तंतूंचे प्रमाण अधिक दिसते. हे प्रमाण बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. 'रक्तात असावे लागते' या म्हणण्यातला खरा भाग एवढा आहे, आणि तो आम्ही नाकारीत नाही.

आता व्यायामाने काय बदलते ते पाहू. नव्याने जोर-बैठका सुरू करणाऱ्या मुलाची ताकद पहिल्या तीन-चार आठवड्यांतच वाढलेली दिसते. पण मापपट्टी लावली तर दंड होते तेवढेच असतात. मुलाला वाटते, काहीच झाले नाही. वास्तविक फार काही झालेले असते. मेंदू आणि चेतापेशी अधिक गटांना, अधिक वेगाने आणि एका सुरात बोलवायला शिकलेल्या असतात. दंड-मांड्यांचा आकार डोळ्यांना दिसण्याइतका वाढायला सहसा सहा ते आठ आठवडे लागतात. तेव्हाही तंतूंची संख्या फारशी वाढत नाही. असलेला तंतू जाड होतो. ताण पडला की तंतूत नवी प्रथिने रचली जातात, आणि तंतूच्या कडेला झोपल्यासारख्या पडून राहिलेल्या उपग्रह पेशी जाग्या होऊन दुरुस्तीला येतात. या पेशी १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांनी प्रथम वर्णन केल्या. व्यायाम करा अथवा न करा, स्नायूतील प्रथिनांचा एक ते दीड टक्का भाग दररोज मोडून नवा घडत असतो. अनित्यतेचा पाठ ज्यांनी विहारात ऐकला आहे, त्यांना याचे नवल वाटू नये. व्यायाम आणि आहार या नित्याच्या मोडतोडीत घडणीचे पारडे जड करतात, इतकेच.

ताण हळूहळू वाढवीत नेण्याची पद्धत आज सर्वांना ठाऊक असली, तरी तिची शास्त्रीय मांडणी फार जुनी नाही. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर उपचार करताना थॉमस डिलॉर्म या अमेरिकन सैनिकी डॉक्टरांनी, अशक्त झालेल्या पायाला हलक्या वजनाची शेकडो आवर्तने देण्याऐवजी जड वजनाची मोजकी आवर्तने द्यायला सुरुवात केली आणि दर आठवड्याला वजन वाढवीत नेले. १९४५ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या सैनिकांचे पाय प्लॅस्टरमध्ये राहून सुकले होते, त्यांची ताकद अपेक्षेपेक्षा पुष्कळ लवकर परतली होती. याहून आश्चर्यकारक प्रयोग १९९० साली अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात झाला. मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ ते ९६ वर्षे वयाच्या १० वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या मांडीची ताकद सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतला स्नायू जर शिकू शकतो, तर चौदा वर्षांच्या मुलाला 'तुझी अंगकाठीच नाही' असे सांगण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

दमाची कहाणी थोडी वेगळी आहे. १९६७ साली जॉन होलोझी यांनी पांढऱ्या उंदरांना कित्येक आठवडे फिरत्या पट्ट्यावर पळवले आणि त्यांच्या स्नायूंतील तंतुकणिकांची कार्यक्षमता जवळपास दुप्पट झाल्याचे दाखवले. माणसातही तेच घडते. तंतुकणिका वाढतात, स्नायूंभोवती सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, रक्ताचे आकारमान वाढते आणि हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते. म्हणूनच नियमित धावणाऱ्याची विश्रांतीतील नाडी मंदावते. माजी विद्यार्थ्यांनी सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मनगटावर बोटे ठेवून ती मोजावी आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावी. यंत्राची गरज नाही. मात्र हा दम टिकवावा लागतो. सराव पूर्ण थांबला, तर दोन ते चार आठवड्यांत त्याची घसरण जाणवू लागते. ताकद त्या मानाने अधिक काळ टिकते.

आनुवंशिकतेची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. आमच्या मते ती लपवून मुलांना खोटी आशा दाखवणे योग्य नाही. वेगवान तंतूंत अल्फा-ॲक्टिनिन-३ नावाचे एक प्रथिन असते. जगातील दर शंभर माणसांपैकी सुमारे अठरा जणांच्या शरीरात ते बनतच नाही, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो, कारण त्याने कोणताही आजार होत नाही. २००३ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांना आढळले की, अत्युच्च दर्जाच्या वेगवान धावपटूंत हे प्रथिन नसलेली माणसे फारच विरळा आहेत. वृत्तपत्रांनी त्याला वेगाचे जनुक म्हटले. परंतु सर्वसामान्य माणसांच्या वेगातील फरकांपैकी दोन-तीन टक्के फरकच या जनुकाने स्पष्ट होतो. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ते महत्त्वाचे असेल. जिल्हा पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर नाही.

याहून मोलाचा पुरावा क्लोद बुशार यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या 'हेरिटेज' या कुटुंब-अभ्यासातून मिळाला. त्यात व्यायामाची सवय नसलेल्या ४८१ माणसांकडून २० आठवडे सारख्याच पद्धतीने व्यायाम करून घेण्यात आला. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मिनिटाला सरासरी सुमारे ४०० मिलिलिटरने वाढली. पण काहींची जवळजवळ वाढलीच नाही आणि काहींची एक लिटरहूनही अधिक वाढली. हा फरक कुटुंबाकुटुंबांत दिसत होता. त्यातील कमाल निम्मा भाग वारशाशी निगडित असावा, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेले अनुमान आहे. म्हणजे वारशाने केवळ आजचे बळ ठरत नाही, तर व्यायामाला शरीर किती प्रतिसाद देते हेही काही प्रमाणात ठरते. ज्या मुलाचा दम सावकाश वाढतो, त्याला आळशी म्हणणे म्हणूनच अन्याय आहे. त्याला अधिक आठवडे, कधी वेगळ्या तऱ्हेचा व्यायाम द्यावा लागतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आम्हांला आवश्यक वाटते. वारसा व्यक्तीचा असतो, कुटुंबाचा असतो. त्यावरून एखाद्या जातीला वा समाजाला दुबळे ठरवण्यास जीवशास्त्रात आधार नाही. आपल्या समाजाने या गोष्टीची मोठी किंमत मोजली आहे. ब्रिटिशांच्या मुंबई फलटणीत महार सैनिकांनी पिढ्यान् पिढ्या नोकरी केली. कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे कोरलेली आहेत, आणि बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ याच सैन्यात सुभेदार होते. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात 'लढवय्या वंशा'चा सिद्धान्त पुढे करून महारांची भरती बंद करण्यात आली. सेवानिवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपताच १९२१ साली ती मोडली गेली. दुसऱ्या महायुद्धात, ऑक्टोबर १९४१ मध्ये, बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. पन्नास वर्षांत तीच माणसे अपात्र, पात्र, पुन्हा अपात्र आणि पुन्हा पात्र ठरली. स्नायू तर पन्नास वर्षांत असे चार वेळा बदलत नाहीत. बदलले ते सरकारी हुकूम.

या रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा भरती झाला. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा ठिकाणी नोकरी केल्यानंतर तो सैन्याच्या धावण्याच्या स्पर्धांकडे वळला. मध्यंतरी वजन वाढलेले असताना त्याने ते कष्टाने उतरवले आणि ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. अविनाश साबळे हे त्याचे नाव आज सर्वांना ठाऊक आहे. लहानपणी शाळेसाठी रोज कित्येक किलोमीटर पायपीट करणाऱ्या मुलाच्या तंतुकणिकांनी जे शिकायचे ते शिकून घेतले होते. अर्थात शाळा दूर असणे हे काही भूषण नव्हे, आणि प्रत्येक पायपीट पदकापर्यंत पोहोचत नाही.

मुलींबद्दल वेगळे लिहिले पाहिजे, कारण त्यांच्याबाबत पालकांच्या शंका अधिक आहेत. मुलीने वजन उचलले तर तिचे अंग पुरुषी होते, अशी भीती अनेक मातांनी आमच्यापाशी बोलून दाखवली आहे. त्याच घरांतून सात-आठ वर्षांची मुलगी डोक्यावर घागर आणि सरपणाचा भारा आणते, तेव्हा ही भीती कोणाला वाटत नाही! वयात आल्यावर मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवू लागते. प्रौढ पुरुषात ते स्त्रीच्या दहा-पंधरा पट असते. त्यामुळे पुरुषाचे स्नायू आकाराने मोठे होतात. पण मूळ ताकदीच्या टक्केवारीत मोजले, तर व्यायामाने मुलींची ताकद मुलांइतकीच वाढते. तिचे दंड पहिलवानासारखे होत नाहीत; हाडे मात्र बळकट होतात, आणि हा साठा तिला उतारवयात उपयोगी पडतो. वजन उचलल्याने उंची खुंटते हा समजही, योग्य देखरेख असल्यास, निराधार आहे.

मुलींच्या दमाचा खरा शत्रू वेगळा आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. १५ ते १९ या वयोगटात हे प्रमाण ५९ टक्के आहे. प्राणवायू स्नायूपर्यंत पोहोचवण्याचे काम हिमोग्लोबिन करते आणि हिमोग्लोबिन लोहाशिवाय बनत नाही. रक्त फिके असेल, तर पाय आणि हृदय कितीही तयार असोत, ८०० मीटरची दुसरी फेरी जड जाणारच. अशा मुलीला 'जोर लाव' म्हणून ओरडणाऱ्या प्रशिक्षकाने आधी तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. शाळांतून आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी कित्येक मुली मळमळीच्या भयाने टाकून देतात. ती जेवणानंतर घेतल्यास त्रास कमी होतो. जंतनाशक गोळीही टाळू नये. जेवणात लिंबू किंवा पेरू असला, तर भाकरी-भाजीतले लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर घेतलेला चहा मात्र ते अडवतो. एवढे साधे बदल घरी नक्कीच करता येतात.

आहाराविषयी बोलताना पावडरीच्या डब्यांचा विषय टाळता येत नाही. भरतीची तयारी करणारी मुले महिन्याची सारी कमाई त्या डब्यांवर उधळताना आम्ही पाहतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार सर्वसाधारण प्रौढाला दररोज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरते. कसून व्यायाम करणाऱ्याला काहीसे अधिक लागते. ५५ किलो वजनाच्या मुलाचा हिशेब मांडून पाहू. दिवसभरात ३०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरींतून सुमारे ३० ग्रॅम, ७५ ग्रॅम डाळ-कडधान्यातून १६ ग्रॅम आणि ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून १२ ग्रॅम प्रथिन मिळते. हे झाले ५८ ग्रॅम. त्यात दोन अंडी किंवा मूठभर सोयाबीन घातले, की ७० च्या आसपास. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि कडधान्यात मेथिओनिन. भाकरी आणि उसळ एकत्र खाल्ल्याने दोन्हींची उणीव भरून निघते. आपल्या आज्यांनी हे पुस्तकात वाचले नव्हते. ताकदीच्या नावाखाली टोचल्या जाणाऱ्या इंजेक्शनांबद्दल तर स्पष्टच सांगतो : वाढीच्या वयात ती हाडांची वाढ अकाली थांबवतात, जननक्षमता बिघडवतात आणि हृदयाला इजा करतात.

विनयपिटकाच्या महावग्गात सोण कोळिविस या भिक्खूची कथा आहे. अतिशय नाजूक अंगाचा, श्रीमंत घरातला हा तरुण प्रव्रज्या घेतल्यावर इतक्या अट्टहासाने चंक्रमण करू लागला, की त्याचे तळवे फुटून चंक्रमणाची वाट रक्ताने माखली. निराश होऊन तो गृहस्थाश्रमात परतण्याचा विचार करू लागला, तेव्हा भगवंतांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण करून दिली : तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या, तर सूर निघत नाही. त्याच प्रसंगी पादत्राणे वापरण्याची अनुज्ञाही दिली गेली. मुलांना ही कथा केवळ परित्राण पाठाच्या वेळी न सांगता मैदानावरही सांगावी, असे आम्हांला वाटते. कारण भरतीची जाहिरात निघाल्यावर महिनाभरात डांबरी रस्त्यावर, फाटक्या बुटांनी, रोज दोन वेळा धावणारी आपली मुले सोणासारखीच वागतात. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात. हाडे आणि स्नायुबंध यांना कित्येक महिने लागतात. पायांना नडगीचे दुखणे जडते ते या तफावतीमुळे. दुखण्यावर गोळ्या घेऊन धावत राहिल्यास नडगीच्या हाडाला तडा जाऊ शकतो.

आमच्या अनुभवाने तयारीला किमान सहा महिने द्यावेत. पहिले दोन महिने, आठवड्यातून तीन-चार दिवस, बोलता येईल इतक्या सावकाश वेगाने मातीच्या वाटेवर धावावे. दोन दिवस बैठका, जोर, सपाट्या आणि बारवर लटकून अंग वर ओढण्याचा व्यायाम ठेवावा. गोळ्याचा जोर हातांपेक्षा पायांतून येतो, म्हणून बैठकांवर भर असावा. पुढे आठवड्यातून एक दिवस ४०० मीटरच्या चार ते सहा वेगवान फेऱ्या, मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन, काढाव्यात. १०० मीटरचा सराव अंग ताजे असतानाच करावा. एक दिवस पूर्ण विश्रांतीचा असावा आणि रात्री आठ तास झोप घ्यावी. वाढीचे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवते. भरतीच्या मैदानावर धावताना उमेदवार दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. उन्हात, तहानलेल्या अवस्थेत, तापाची कणकण असताना सर्वस्व पणाला लावू नये. चक्कर येऊ लागली किंवा घाम येणे थांबले, तर थांबावे. पुढच्या भरतीला पुन्हा उभे राहता येते.

शेवटी पालकांसाठी आणि चाळिशी ओलांडलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. तिशी-चाळिशीनंतर स्नायूंचे आकारमान दर दशकाला साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटत जाते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. जेवणानंतर रक्तातली साखर मुख्यत्वे स्नायूच शोषून घेतात. म्हणून स्नायू झिजले की मधुमेहाचा धोकाही वाढतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवते. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे जे पाच लाभ सांगितले आहेत, त्यांतील पहिला लांबचा प्रवास झेपण्याचा आणि दुसरा परिश्रम झेपण्याचा आहे. विहारात जाताना रिक्षा न करता झपझप चालत जाणे, ही त्याची सुरुवात होऊ शकते. पण केवळ चालण्याने मांड्यांतले मोठे गट जागे होत नाहीत, हे वर आलेच आहे. त्यासाठी हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठावे व बसावे, थोडे थांबून पुन्हा दहा वेळा. आठवडाभरात ते सोपे वाटू लागले, की मांडीवर पाण्याने भरलेली बाटली धरून तेच करावे. ज्यांना चालताना छातीत दुखते, धाप लागते किंवा रक्तदाबाची औषधे चालू आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि वजन उचलताना श्वास कोंडून धरू नये.